निवृत्तिवेतनाचा दिवस आणि दोघांचें आयुष्य

शेतीच्या मासिकांत पेन्शनचा विषय कशाला, असें कोणी विचारील, तर त्यास आमचें उत्तर इतकेंच आहे कीं, नीरा डाव्या कालव्याखालीं आज नुसत्या शेतीवर चालणारें घर शोधून काढावें लागतें. पणदरे आणि आसपासचीं गांवें घ्या. एक भाऊ उसाच्या फडांत, तर दुसरा माळेगांवच्या, सोमेश्वरच्या किंवा भवानीनगरच्या छत्रपति कारखान्यांत. कोणाची सून जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षिका, तर कोणाचा मुलगा बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत. इंदापूर तालुक्यांतही हीच तऱ्हा आहे. सातबारा एकाच्या नांवावर आणि पगारपत्रक दुसऱ्याच्या नांवावर, पण चूल पुष्कळदां एकच. अशा घरांतील नोकरी करणारा माणूस पन्नाशी ओलांडून अठ्ठावन्नाच्या जवळ येऊं लागला, म्हणजे पेन्शन आतांच सुरू करावें कीं थांबावें, हा प्रश्न उभा राहतो. त्याची चर्चा सोसायटीच्या ओट्यावर होते, कारखान्याच्या फाटकाशीं होते, चहाच्या दुकानांत होते. ज्या माणसाशीं ती प्रथम व्हावयास पाहिजे, ती घरची बाई मात्र त्या वेळीं खुरपणीला नाहीं तर गाईच्या धारेला गेलेली असते.

आमचें म्हणणें असें आहे कीं, सरकारी अथवा सरकारी कायद्यानें चालणारें निवृत्तिवेतन केव्हां व कोणत्या रीतीनें घ्यावें, हा निर्णय एकट्या नवऱ्याच्या आयुष्याकडे पाहून करणें बरोबर नाहीं. दोघांपैकीं जें माणूस मागें राहील, त्याच्या शेवटच्या वर्षापर्यंत हिशेब नेला पाहिजे. आणि आपल्याकडे मागें राहणारी बहुधा बायको असते. नवरा चार-सहा वर्षांनीं मोठा पाहण्याची आपली चाल आहे, आणि स्त्रिया सरासरीनें पुरुषांपेक्षां अधिक जगतात हें जवळजवळ सर्व देशांत दिसून आलेलें आहे. या दोन गोष्टींची बेरीज केली म्हणजे आठ-दहा वर्षांचें वैधव्य ही कांहीं एखाद्या दुर्दैवी घराची कथा राहत नाहीं. ती बहुतेक घरांची आहे. असें असतां पेन्शनच्या अर्जावर सही करतांना त्या आठ-दहा वर्षांचा विचार करणारे किती सांपडतील?

प्रथम कारखान्यांतील नोकरांचें पाहूं. कारण दिवस निवडण्याची खरी मोकळीक त्यांनाच आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झाली. मालक भविष्यनिर्वाह निधींत जी वर्गणी भरतो, तिच्यांतून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम या योजनेकडे वळविली जाते. त्यासाठीं पगाराची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये झाली. त्यापूर्वीं ती ६,५०० होती. दहा वर्षें नोकरी झाली म्हणजे पेन्शनचा हक्क पोंचतो, आणि वयाच्या ५८ व्या वर्षीं पूर्ण पेन्शन सुरू होतें. शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी पगाराला नोकरीच्या वर्षांनीं गुणून ७० नें भागावें, असें ढोबळ सूत्र आहे. नोकरी वीस वर्षें झाली असल्यास दोन वर्षें वाढवून धरतात. २०१४ पूर्वींच्या नोकरीला जुनी ६,५०० ची मर्यादा लागत असल्यामुळें, तीस वर्षें इमानें खपलेल्या माणसाच्या हातींही अपेक्षेपेक्षां पुष्कळच कमी रक्कम पडते.

येथें हंगामी कामगारांसाठीं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती फारशी कोणास ठाऊक नसते. साखर कारखान्यांत गळीत हंगामापुरतें जे लोक कामास असतात, त्यांची वर्षांतील नोकरी पांच महिन्यांची असो कीं सहा महिन्यांची, पेन्शनच्या पात्रतेसाठीं ती पूर्ण वर्ष धरण्याची तरतूद या योजनेंत आहे. म्हणजे दहा हंगाम हीं दहा वर्षेंच झालीं. सात-आठ हंगाम करून कंटाळलेला किंवा घरच्या वाटणीमुळें शेतीवर परतलेला तरुण निधीच्या रकमेबरोबर पेन्शनचा वांटाही काढून घेतो, आणि ती रक्कम ठिबकच्या नळ्यांत नाहींतर मोटारसायकलींत संपते. त्यानें पैसे न काढतां योजनेचें प्रमाणपत्र घेऊन ठेवलें, तर पुढें दुसऱ्या कोठल्याही कारखान्यांत किंवा कंपनींत केलेली नोकरी त्याला जोडली जाते व दहा वर्षें पुरीं होतात. दोन-तीन हंगाम कमी पडले म्हणून उभ्या जन्माचें पेन्शन सोडणें, आणि तेंही बायकोस न विचारतां, यासारखा तोट्याचा व्यवहार आम्हांस दुसरा दिसत नाहीं.

आतां दिवसाविषयीं. नोकरी सोडलेल्या सभासदास ५० व्या वर्षापासून पेन्शन मागतां येतें, परंतु ५८ ला जितकीं वर्षें कमी असतील, तितक्या वर्षांस दरसाल ४ टक्क्यांप्रमाणें घट होते. उलट, ५८ झाल्यावरही न घेतां ६० पर्यंत थांबल्यास दरसाल ४ टक्के वाढ मिळते. ही दुसरी सवलत २०१६ सालीं आली. घट काय आणि वाढ काय, एकदां ठरली कीं कायमची.

समजा, एका कामगारास ५८ व्या वर्षीं दरमहा ४,००० रुपये मिळावयाचे आहेत. त्यानें ५५ व्या वर्षींच अर्ज केला, तर त्यास सुमारें ३,५२० मिळतील; ६० पर्यंत धीर धरला, तर सुमारें ४,३२० मिळतील. ओट्यावरचा हिशेब येथेंच संपतो, व तो साधारणतः असा असतो : ५५ पासून ५८ पर्यंत छत्तीस महिन्यांत सव्वा लाखावर रक्कम हातीं आली, पुढें महिन्याला ४८० रुपये कमी मिळाले, तरी हा सव्वा लाख फिटावयास बावीस वर्षें लागतील, म्हणजे वय ८० होईल. ऐंशीपर्यंत कोण राहतो? तेव्हां घ्या आतांच! हा हिशेब खोटा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांत आंकड्यांची चूक नाहीं. त्यांत एक माणूस कमी आहे, एवढेंच.

नियम असा आहे कीं, पेन्शन चालू असतां सभासद वारला, म्हणजे त्यास त्या दिवशीं जें पेन्शन मिळत होतें त्याच्या निम्मे त्याच्या विधवेस मिळतें. सभासद बाई असेल तर तिच्या मागें नवऱ्यास याच प्रमाणानें मिळतें. येथें शब्द नीट पाहावे. निम्मे धरावयाचें तें प्रत्यक्ष मिळत असलेल्या, म्हणजे घट झालेल्या, रकमेचें. ज्यानें ५५ ला घेतलें त्याच्या बायकोस १,७६०. ज्यानें ५८ ला घेतलें त्याच्या बायकोस २,०००. ज्यानें ६० ला घेतलें त्याच्या बायकोस २,१६०. कमीत कमी १,००० रुपयांची हमी २०१४ पासून दिलेली आहे, पण तिच्या भरंवशावर कोणाचें म्हातारपण निघेल असें वाटत नाहीं. यावरून दिसेल कीं, नवऱ्यानें पंचावन्नाव्या वर्षीं केलेल्या सहीचा परिणाम त्याच्या बायकोला पंचाहत्तराव्या, ऐंशीव्या वर्षीं भोगावा लागतो. आणि त्या सहीच्या वेळीं तिला कोणी बोलाविलेलें नसतें.

मग आम्ही सर्वांनीं साठाव्या वर्षापर्यंत थांबावें असें म्हणतों काय? नाहीं. येथें दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. या योजनेच्या पेन्शनला महागाईभत्ता नाहीं. एकदां ठरलेले चार हजार दहा वर्षांनींही चार हजारच राहतात, आणि तोंपर्यंत शेंगदाण्याचें तेल व औषधाच्या गोळ्या कोठें गेलेल्या असतात हें सांगण्याची जरुरी नाहीं. ज्या रकमेची किंमत दरवर्षीं उतरत जाते, ती रक्कम चार टक्क्यांच्या लोभानें दोन वर्षें सरकारच्या पेटींत ठेवण्यांत अर्थ नाहीं. हिशेबही तेंच सांगतो. ५८ ते ६० या चोवीस महिन्यांत ९६,००० रुपये सोडावे लागतात. पुढें महिन्याला ३२० अधिक मिळाले, तर ते भरून येण्यास पंचवीस वर्षें लागतात. त्या वेळीं नवरा ८५ वर्षांचा व्हावयाचा. तो आधीं गेला, तर बायकोच्या वांट्याला वाढीचे अवघे १६० येतात. तेव्हां ५८ च्या पुढें थांबणें आम्हांस बहुतेक घरांत फायद्याचें दिसत नाहीं.

५८ च्या आधीं घेण्यासंबंधानें मात्र आमचें मत इतकें सरळ नाहीं. नोकरी गेली आहे, जमीन जिराईत आहे, घरांत दुसरी मिळकत नाहीं, अशा माणसास आम्ही थांबण्याचा उपदेश करणार नाहीं. उपाशी राहून घट वांचविणें हें शहाणपण नव्हे. परंतु ज्याची दोन-तीन एकर बागायत चालू आहे, ज्याचे हातपाय धड आहेत, आणि जो केवळ 'आपलें आहे तें आतांच घ्यावें' एवढ्याच विचारानें त्रेपन्नाव्या वर्षीं अर्ज भरतो, त्यानें क्षणभर थांबून पाहावें. त्रेपन्नाव्या वर्षीं त्याला मिळणारे तीन हजार त्याच्या संसारांत कोठें गेले हें समजतही नाहीं. उसाचें एक बिल आलें कीं त्यांत ते बुडून जातात. तेच रुपये पंचाहत्तर वर्षांच्या एकट्या बाईला दवाखान्याची एक फेरी आणि महिन्याचा किराणा देऊं शकतात. एकूण बेरीज सारखी आली तरी रुपयाची गरज सर्व वयांत सारखी नसते.

कोणी म्हणेल कीं, लवकर घेतलेली रक्कम बायकोच्या नांवानें टपाल कचेरींत ठेवतों, म्हणजे झालें. उत्तम आहे. तसें खरोखर केलें, तर लवकर घेण्यास आमची हरकत नाहीं, किंबहुना तें ५८ पर्यंत थांबण्यापेक्षांही सरस ठरेल. पण तसें करणारीं घरें किती, हें वाचकांनीं आपापल्या वाड्यांत मोजून पाहावें. आमच्या पाहण्यांत अशी रक्कम पाइपलाइनीस लागते, मुलीच्या लग्नांत जाते, किंवा थोरल्या मुलाच्या ट्रॅक्टरच्या हप्त्याला पडते. हीं कामें वाईट नव्हेत. परंतु त्यांच्यासाठीं बायकोच्या वैधव्यांतून कापून घेतलें आहे, याची जाणीव तरी असावी.

ऊस केव्हां तोडावा हें या भागांतील शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. आडसाली ऊस बाराव्या महिन्यांत तोडून टाकला तर पैसा लवकर हातांत येतो, पण वजन आणि साखर दोन्ही मागें राहतात. आणि तुरा आल्यावर महिनोंमहिने उभा ठेवला, तर तो आंतून पोकळ पडतो. मध्यें एक काळ पक्वतेचा असतो. शिवाय तोडतांना खोडव्याकडे लक्ष ठेवून बुडखा जमिनीबरोबर तोडला जातो, कारण पुढचें पीक त्यांतूनच यावयाचें असतें. पेन्शनच्या बाबतींत मात्र हाच माणूस खोडव्याचा विचार करीत नाहीं.

आमच्या भागांतील कांहीं मुलें अमेरिकेंत आहेत, आणि तेथून दूरध्वनीवर बापास 'जितकें थांबाल तितकें चांगलें' असा सल्ला मिळतो. हा सल्ला त्या देशापुरता खरा आहे. तेथील सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ चा. बायका व विधवांसाठीं त्यांत १९३९ सालीं तरतूद झाली. तेथें ६२ व्या वर्षापासून ७० पर्यंत केव्हांही मागणी करतां येते. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचें पूर्ण वय ६७ धरलें आहे; ६२ ला घेतल्यास ३० टक्के घट होते, आणि ६७ च्या पुढें थांबलेल्या प्रत्येक वर्षास ८ टक्के वाढ मिळते. रक्कम दरसाल महागाईप्रमाणें वाढविली जाते. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, नवऱ्याची रक्कम मोठी असेल तर त्याच्या मागें योग्य वयाच्या विधवेस ती सबंध मिळूं शकते, निम्मी नव्हे. म्हणून तेथें दोघांपैकीं ज्याची मिळकत अधिक, त्यानें सत्तरीपर्यंत थांबावें, म्हणजे मागें राहणाऱ्याचें भलें होतें, असें जाणते लोक सांगतात. आपल्याकडे वाढ निम्मी, महागाईची भर नाहीं, आणि विधवेचा वांटाही निम्मा. तेव्हां त्यांचें उत्तर आपण उचलूं नये. त्यांनीं स्वतःस विचारलेला प्रश्न मात्र उचलण्यासारखा आहे. तो असा कीं, मी गेल्यावर हिला काय मिळेल?

हाच प्रश्न शिक्षकांच्या व इतर सरकारी नोकरांच्या घरांत विचारला, तर उत्तर अगदीं निराळें येतें. १ नोव्हेंबर २००५ पूर्वीं लागलेल्या राज्य सरकारच्या नोकरांना जुन्या पद्धतीचें पेन्शन आहे. तें सुरू होण्याचा दिवस ठरलेलाच असतो, बहुतेकांचा अठ्ठावन्नाव्या वर्षाचा. त्यांच्यापुढें निवड असते ती अंशराशीकरणाची, म्हणजे पेन्शनचा कांहीं भाग विकून एकरकमी पैसा घेण्याची. शेंकडा ४० पर्यंत भाग असा विकतां येतो, आणि पंधरा वर्षांनीं तो पुन्हां चालू होतो. शेवटचा मूळ पगार ७०,००० असेल तर पेन्शन ३५,०००. त्याचे चाळीस टक्के म्हणजे १४,००० विकले, तर अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त होणाऱ्यास सुमारें चौदा लाख रुपये मिळतात. महागाईभत्ता मूळच्या ३५,००० वरच मिळत राहतो.

पंधरा वर्षें महिन्याला चौदा हजार दिले, म्हणजे पंचवीस लाख वीस हजार भरले, आणि मिळाले चौदा लाख. तेव्हां हें सावकारी कर्जच झालें, अशी तक्रार ऐकूं येते. नवरा पंधरा वर्षें जगला तर तक्रारींत तथ्य आहे. परंतु कुटुंबनिवृत्तिवेतन हें विकून उरलेल्या रकमेवर धरीत नाहींत. तें शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतें, आणि पहिलीं कांहीं वर्षें तर ५० टक्के. वरच्या उदाहरणांत विधवेस २१,००० आणि त्यावर महागाईभत्ता मिळेल, मग नवऱ्यानें कांहीं विकलेलें असो वा नसो. नवरा चौथ्या वर्षीं वारला, तर उरलेल्या अकरा वर्षांची वसुली तिच्याकडून होत नाहीं. म्हणजे या व्यवहारांत जोखीम नवऱ्याच्या दीर्घायुष्याची आहे, बायकोच्या वैधव्याची नाहीं. एके ठिकाणीं आज घेतलेला पैसा विधवेच्या ताटांतून येतो आणि दुसऱ्या ठिकाणीं येत नाहीं. हा भेद लक्षांत न घेतां दोहोंस एकच नियम लावणारे लोक पुष्कळ आहेत. नवरा-बायको दोघेंही शिक्षक असतील, तर मागें राहणाऱ्यास स्वतःचें पेन्शन असतेंच, त्यावर जोडीदाराचें कुटुंबनिवृत्तिवेतनही मिळतें. अशा घरानें कर्ज फेडण्यासाठीं किंवा विहिरीसाठीं अंशराशीकरण करण्यास आमच्या मतें कांहीं हरकत नाहीं. मात्र त्या पैशानें घेतलेली जमीन एकट्या मुलाच्या नांवावर चढवूं नये, ती दोघांच्या नांवावर असावी. पुढें काय होतें तें आम्ही सांगावयास नको.

आतां राहिला तो निव्वळ शेतकरी, ज्यास पगार नाहीं व मालक नाहीं. त्याच्यासाठीं २०१९ सालीं प्रधानमंत्री किसान मानधन योजना निघाली. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या १८ ते ४० वयाच्या शेतकऱ्यानें दरमहा वर्गणी भरावयाची, तितकीच सरकारनें भरावयाची, आणि साठाव्या वर्षापासून दरमहा ३,००० रुपये मिळावयाचे. वर्गणी वयाप्रमाणें : अठराव्या वर्षीं आलेल्यास ५५, एकोणतिसाव्या वर्षीं आलेल्यास १००, चाळिसाव्या वर्षीं आलेल्यास २००. भविष्यनिर्वाह निधीचे सभासद व आयकर भरणारे यांना ती मोकळी नाहीं. येथें घेण्याचा दिवस साठावर बांधलेला आहे. निवड करावयाची ती शिरण्याच्या दिवसाची, आणि त्याहूनही, कोणाच्या नांवानें शिरावयाचें याची.

नवरा-बायको दोघांनाही स्वतंत्र वर्गणी भरून स्वतंत्र पेन्शन घेतां येतें. तेहतीस वर्षांचा नवरा १३० व अठ्ठावीस वर्षांची बायको ९५, मिळून महिन्याला २२५ रुपये. दोघें असेपर्यंत ६,००० येतील व एक गेल्यावर उरलेल्याचे ३,००० राहतील. एकट्या नवऱ्याचेंच खातें असेल, तर ३,००० येतील आणि त्याच्या मागें तिला १,५०० राहतील. तीस वर्षांनीं या रकमांची किंमत आजच्याइतकी असणार नाहीं हें उघड आहे, आणि कोणी यावर विसंबून म्हैस विकूं नये. परंतु ९५ रुपयांना सरकार ९५ घालीत असतां बाईचें खातें न उघडण्याचें कारण काय? बहुतेक ठिकाणीं कारण असें निघतें कीं, तिच्या नांवावर जमीनच नाहीं. १९९२ सालीं राज्य सरकारनें लक्ष्मीमुक्ति योजना काढून पत्नीचें नांव सातबाऱ्यावर लावण्याची वाट सोपी केली होती. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनीं या नांवाची चळवळ त्याआधीं गांवोगांव नेली होती. त्या वेळीं ज्यांनीं नांव लावलें, त्यांच्या घरांतील बायका आज नुसत्या मानानेंच नव्हे, अशा योजनांच्या कागदांतही शेतकरी ठरतात. ज्यांनीं हसण्यावारी नेलें, त्यांच्या सुना आजही 'शेतकऱ्याची बायको' एवढ्याच नात्यानें अर्ज करावयास जातात.

अटल पेन्शन योजना २०१५ सालची. वय तेंच १८ ते ४०, पेन्शन साठाव्या वर्षापासून १,००० ते ५,००० पर्यंत, जसें ठरवाल तसें. वर्गणी येथें जड आहे. पांच हजारांसाठीं तीस वर्षांच्या माणसास महिन्याला ५७७ रुपये भरावे लागतात, चाळीस वर्षांच्या माणसास १,४५४. आयकर भरणाऱ्यांस १ ऑक्टोबर २०२२ पासून तिच्यांत नवें खातें उघडतां येत नाहीं. पण एका बाबतींत ही योजना आम्हांस वरच्या सर्वांहून सरस वाटते : सभासद वारल्यावर जोडीदारास निम्मे नव्हे, तर तेवढेंच पेन्शन मिळतें, आणि दोघांच्याही मागें सांठलेली रक्कम वारसास मिळते, पांच हजारांच्या खात्यास ती साडेआठ लाख सांगितलेली आहे. सभासद साठीपूर्वींच वारला, तर जोडीदार तेंच खातें पुढें चालवूं शकतो, व स्वतःचें खातें असल्यास तेंही राहतें. ज्या शेतकऱ्याला एकच खातें परवडतें आणि जो बायकोहून पुष्कळ मोठा आहे, त्यानें वर्गणी जड असूनही हिचा आधीं विचार करावा असें आमचें मत आहे.

शेवटीं कागदांविषयीं. आपल्याकडे लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची चाल आहे. माहेरचें नांव शाळेच्या दाखल्यावर, सासरचें शिधापत्रिकेवर, तिसरेंच कांहीं आधारपत्रावर, आणि नवऱ्याच्या नोकरीच्या कागदांत हाक मारावयाचें नांव. नवरा असेपर्यंत हें कोणास टोचत नाहीं. तो गेल्यावर मात्र या चार नांवांची बाई एकच आहे हें त्या बाईनेंच तालुक्याच्या कचेरींत, बँकेंत आणि पुण्याच्या निधीच्या कचेरींत सिद्ध करीत हिंडावयाचें असतें. पेन्शनच्या अर्जांत जोडीदाराचें नांव, जन्मतारीख आणि दोघांचें एकत्र छायाचित्र मागतात, तें याच कारणास्तव. अर्ज करण्यापूर्वीं वर्ष-दीड वर्ष आधीं सर्व कागदांवर एकच नांव करून घ्यावें, वारसनोंद तपासावी, बँकेचें खातें दोघांचें असावें, आणि दरवर्षीं हयातीचा दाखला कोठें व कसा द्यावयाचा तें बाईस एकदां बरोबर नेऊन दाखवावें. कारखान्याचा पट्टा पडल्यावर एप्रिल-मे महिन्यांत कामगारास उसंत असते व फडांतही काम थोडें असतें. तालुक्याला दोघांनीं मिळून जावयास ते दिवस सोयीचे आहेत.